पालमचा फरक

फोन उचलणारा आवाज दुसराच निघाला आणि सत्यशीलाच्या हातातली पेन्सिल कागदावर होती तिथंच थांबली. आवाज एका तरुण मुलीचा होता, स्वच्छ आणि घाईतला. "विभागीय कार्यालय, ताळमेळ कक्ष, बोला." सत्यशीलाच्या ओठांवर आलेलं "सर, पालमहून बोलतेय" हे वाक्य तसंच मागं फिरलं. तिनं विचारलं, "पिंगळीकर सर आहेत का?" तर ती मुलगी म्हणाली, "सर रिटायर झाले. मी निवेदिता. आता हे टेबल माझ्याकडे आहे." मधले काही महिने आकडे संगणकावरच जुळले होते, फोन झाला नव्हता. माणूस कधीतरी रिटायर होणारच, यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांनी तसं सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "बरे आहेत ना?" तेव्हा निवेदिताचा आवाज खाली आला. "अहो, त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. रिटायर झाल्यावर लगेचच. बोलता येत नाही म्हणे. मानवतला असतात आता, गावी." आणि मग एस.टी. निघून गेली हे सांगावं इतक्या सहज ती म्हणाली, "तुम्ही पालम ना मॅडम? मग तुम्हाला माहीतच असेल. त्यांची ग्रॅच्युइटी तुमच्याच फरकापायी अडकलीये."

सत्यशीलानं फोन ठेवला. समोरच्या टेबलावर दिनकरराव, तिचे लेखाधिकारी, चष्मा कपाळावर चढवून कुठल्याशा बिलाच्या प्रती वेगळ्या करत होते. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती. इतकी वर्षं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती एका आवाजाशी बोलत आली होती. तालुक्याच्या कार्यालयानं सरकारचे पैसे किती खर्च केले, किती परत भरले, ते तिच्या वहीत. आणि विभागीय कार्यालयाच्या हिशेबात त्यातलं किती दिसतं, ते त्यांच्या वहीत. दोन्ही जुळले पाहिजेत. एकाच सरकारची दोन कार्यालयं, पण जुळवायला बसलं की शेजारच्या दोन शेतांच्या बांधासारखं व्हायचं. पुढे संगणक आले, पण संगणक जे भरलं तेच दाखवायचा. फरक निघाला की पुन्हा फोन. ती वाचायची आणि ते पलीकडून टिक करायचे. "सदतीस म्हणता की सत्तेचाळीस, ताई? तीन सात म्हणा." अंक सुटे करून सांगायची सवय तिला त्यांनीच लावली, आणि ती इतकी लागली की भाजीवाल्यापुढंही तिच्या तोंडून तसंच निघायचं.

तिच्या पहिल्या महिन्यात तर तिला फोन धरताही येत नव्हता. म्हणजे फोन धरता येत होता, पण त्यावर सरकारी भाषेत बोलता येत नव्हतं. सूर्यभान, तिचा नवरा, याच खोलीत, याच खुर्चीवर बसायचा. तो गेला आणि अनुकंपावर तिला घेतलं. पेडगावच्या शेतमजुराची मुलगी, बारावी झालेली, कापूस वेचलेला, आणि एकदम हे लेखाशीर्ष, हे चलन, हे प्रमाणपत्र. सूर्यभानच्या हस्ताक्षरातले आकडे अजून त्या वहीत होते आणि ते वाचताना तिचा आवाज फुटायचा. पलीकडच्या माणसाला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त ऐकू येत होतं. तो म्हणाला होता, "ताई, घाई न्हाई. पाणी प्या. मी लाईनवर आहे." आणि तो खरंच लाईनवर राहिला, ती माठापर्यंत गेली, पाणी प्यायली, परत आली, तरी पलीकडं खोलीतल्या पंख्याचा आवाज येतच होता. तिनं आपलं आडनाव सांगितलं होतं, खंदारे, आणि सवयीनं ती त्या आडनावानंतरच्या लहानशा थांब्याची वाट पाहत राहिली होती. तो थांबा जन्मापासून तिच्या ओळखीचा होता. तो आलाच नाही. की आला होता आणि लाईनवर खरखर होती म्हणून तिला कळला नाही? हे तिला आजपर्यंत नक्की ठरवता आलं नव्हतं. आवाजावरून तिनं माणूस मात्र मनात उभा केला होता: उंच, अंगानं भरलेला, पिकलेल्या मिशांचा.

फरक कुठला, ते तिला शोधावं लागलं नाही. टंचाईच्या एका उन्हाळ्यात हातपंप दुरुस्तीसाठी पैसे आले होते. सगळे खर्च झाले नाहीत आणि पुढच्या मार्चअखेरीच्या गर्दीत उरलेले परत भरले होते. त्या संध्याकाळी पिंगळीकर सरांचा फोन आला होता. "ताई, तुमचा परतावा मला दिसत न्हाई. भरलाय का?" दिनकररावांनी बँकेच्या शिक्क्याचं चलन तिच्यासमोर हलवून दाखवलं आणि ती म्हणाली, "भरलाय सर." "मग मी सही करतो. उद्या परवा दिसंल तो." तो कधीच दिसला नाही. कारण चलनावर लेखाशीर्ष दुसरंच पडलं होतं. पैसे सरकारकडेच गेले होते, पण हातपंपांच्या कप्प्यात न जाता भलत्याच कप्प्यात. पालमच्या वहीत भरलेले, विभागाच्या वहीत न आलेले, आणि मध्ये एका माणसाची सही, की सगळं जुळलं म्हणून. तपासणीवाल्यांना ती सही सापडली होती. सत्यशीलानं कपाटातून चलनाची प्रत काढली. अक्षर दिनकररावांचं होतं, गोल गोल, शाळेतल्या मुलासारखं.

तिनं प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा खाली घेतला, पाहिलं, आणि कान हळूहळू लाल झाले. "त्या दिवशी लय गर्दी होती मॅडम. बँकवाला खिडकी लावायला लागला होता." तिनं लेखाशीर्षावर बोट ठेवलं. "जुनं प्रकरण हाय. कशाला उकरायलात?" ती म्हणाली, "पिंगळीकर सरांची ग्रॅच्युइटी अडकलीय." त्यांनी प्रत उलटी करून ठेवली. "आणि माझी अडकंल त्याचं? मला किती राह्यलंय सर्विसला, तुमाला ठाऊक हाय. सबंद नोकरीत एकबी मेमो न्हाई मला. इचारा कुणालाबी." तो विचारायचा प्रश्नच नव्हता, हे तिला माहीत होतं. सूर्यभान गेला तेव्हा तिच्या अनुकंपाच्या कागदांमागं याच माणसानं परभणीला खेपा घातल्या होत्या, स्वतःच्या पैशानं. त्या उपकाराचा उल्लेख त्यांनी कधी केला नव्हता आणि आत्ताही केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मग तिला राग तरी आला असता.

रविवारी ती मानवतला गेली. का जायचं हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. विचारायचं होतं की माफी मागायची होती, की नुसतं पाहायचं होतं. परभणीला गाडी बदलली. खिडकीची काच घट्ट बसत नव्हती आणि सगळ्या वाटेभर ती थरथरत राहिली. तो थरथराट तिच्या दातांत उतरला. कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडं चालले होते, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते. तिला वाटलं, आपण एका आवाजाला भेटायला चाललो आहोत, जो आता नाही. म्हणजे माणूस आहे, पण आपण ज्याला ओळखत होतो तेवढंच नेमकं गेलेलं आहे. मग तिथं जाऊन आपण कुणाला भेटणार? असा विचार तिला पूर्वी कधी सुचला नसता. एकटेपणाच्या वर्षांनी हे दिलं होतं, की बसमध्ये बसलं की डोकं आपलं आपण चालत राहायचं, आणि उतरायची जागा आली की तिला आपल्यालाच हाक मारून परत आणावं लागायचं.

दार उघडलं ते सरांच्या पत्नी अनसूयाबाईंनी. बारीक चणीच्या, कपाळाला कुंकू, हाताला औषधी तेलाचा वास. "पालमहून आलेय. ऑफिसातून," असं सत्यशीलानं सांगताच त्यांचा चेहरा मिटला. "या," त्या म्हणाल्या, आणि पाणी आणलं. सत्यशीलाची नजर पेल्याकडं गेली. साधा स्टीलचा पेला, मांडणीवर रांगेत होते त्यांतलाच एक. आपण तो पाहिला याची तिला लाज वाटली आणि ते पाणी तिनं एका दमात पिऊन टाकलं. आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, एक लहानखुरा माणूस बसला होता. दाढीमिशा काढलेल्या, मान थोडी कललेली, उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. तो तिच्याकडं पाहत होता, पण दारातून येणाऱ्या कुणाहीकडं पाहावं तसा. सत्यशीलाला नमस्कार सुचला नाही. ती तिथंच उभी राहून, सवयीनं, म्हणाली, "सर, पालमहून बोलतेय."

पिंगळीकर सरांनी डोळे मिटले. चेहऱ्याच्या एका बाजूवर काहीतरी हललं, दुसरी बाजू तशीच राहिली. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी मान तिच्या बाजूला वळवली, कान पुढं केला, जसा ते इतकी वर्षं कुठल्याशा टेबलावर करत असतील. "बरं," ते म्हणाले. शब्द स्वच्छ होता. सत्यशीलाला क्षणभर आनंदच झाला. "बोलतात की!" ती म्हणाली. अनसूयाबाई पदर सावरत म्हणाल्या, "एवढाच राह्यलाय. काहीबी विचारा, बरं. भूक लागली का, बरं. दुखायलंय का, बरं. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू." सत्यशीला स्टुलावर बसली. पर्समधून कागद काढला, घडी उलगडली, आणि काय करावं ते न सुचून तिनं तो वाचायला सुरुवात केली. त्या महिन्याचे साधे आकडे. सुटे सुटे अंक. प्रत्येक रकमेनंतर ती थांबायची आणि ते "बरं" म्हणायचे, आणि डाव्या हाताचं एक बोट खुर्चीच्या हातावर किंचित उठायचं. कागद संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं की अनसूयाबाई दाराला टेकून उभ्या आहेत आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. तिला ओशाळल्यासारखं झालं, परक्याच्या घरात नको तिथं पाऊल पडावं तसं.

चहा करताना अनसूयाबाईंनी विचारलं. पाठमोऱ्याच होत्या, आवाज चढलेला नव्हता. "ह्यांनी तुमच्या शब्दावर सही केली म्हणे. खरंय का?" "खरंय," सत्यशीला म्हणाली. "मग तुमी खोटं सांगितलं होतं का?" "नाही. पैसे भरले होते." "मग गेले कुठं?" "गेले नाहीत कुठं. सरकारातच आहेत. फक्त दुसऱ्या हेडला पडलेत." अनसूयाबाईंनी गॅस बारीक केला आणि वळून तिच्याकडं पाहिलं. "सरकारचे सरकारात आहेत. मग ह्यांचे कशाला अडवले?" सत्यशीलाला उत्तर माहीत होतं. जबाबदारी निश्चित होईपर्यंत देय रक्कम रोखून ठेवावी, असं वाक्य होतं, तिनंच किती पत्रांत टाईप केलेलं. ते या स्वयंपाकघरात म्हणता येण्यासारखं नव्हतं. "एक बाई येतात बोलायचं शिकवायला, परभणीहून," अनसूयाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी त्यांना रोज यायला सांगितलंय. आमी आठवड्याला एकदा बोलावतो. मुलगा पाठवतो पैसे, न्हाई असं न्हाई. पण ह्यांना कळतं ना सगळं. मुलाचा फोन आला की तोंड फिरवून बसायलेत." निघताना त्यांनी सत्यशीलाच्या हाताला धरलं आणि सोडलं नाही. काही मागितलंही नाही. तेलाचा वास तिच्या बोटांना पालमपर्यंत राहिला.

सोमवारी तिनं टिपणी लिहिली. रक्कम अमुक दिवशी भरली; चलनावर लेखाशीर्ष चुकीचं नमूद झालं; चूक या कार्यालयाची आहे; विभागीय कार्यालयाचा अथवा तेथील कर्मचाऱ्याचा दोष नाही; दुरुस्तीची नोंद व्हावी. चलन कुणी लिहिलं ते तिनं घातलं नाही. तिच्याच्यानं घालवलं नाही. पण प्रत सोबत होती आणि अक्षर सगळ्या तालुक्याला ओळखीचं होतं. फाईल तिनं दिनकररावांच्या टेबलावर ठेवली. त्यांच्या सहीशिवाय ती पुढं साहेबांकडं जाऊ शकत नव्हती. त्यांनी ती पाहिली आणि डाव्या हाताच्या गठ्ठ्यात सगळ्यांत खाली सरकवली.

मग ते दिवस सुरू झाले. एका खोलीत दोन माणसं, दोन टेबलं, मध्ये तो गठ्ठा. दिनकरराव तिच्याशी नेहमीसारखं बोलायचे, किंबहुना जरा जास्तच. सकाळी आल्यावर "काय मॅडम, लय गारठा हाय आज," म्हणायचे आणि उत्तराची वाट न पाहता संगणक लावायचे. ती त्यांना आठवण देत नव्हती. द्यायला हवी होती का? रात्री पडल्यावर ती स्वतःला विचारायची आणि मानवतची खुर्ची डोळ्यांपुढं यायची. सकाळी खोलीत आलं की दिनकररावांची वाकलेली पाठ दिसायची, आत मुडपलेली सदऱ्याची कॉलर, डबा उघडताना आधी झाकणाचा वास घ्यायची त्यांची सवय, आणि ती गप्प बसायची. तिला वाटायचं, आपण यांना छळतो आहोत. मग वाटायचं, हे आपल्याला छळताहेत. थेट साहेबांकडं जाता आलं असतं. निवेदिताला फोन करून सांगता आलं असतं. पण तसं केलं की हा माणूस आयुष्यातून उठणार, आणि तिला तो उठायला नको होता. तिला त्यानं स्वतः सही करायला हवी होती. हे मागणं फार आहे, हेही तिला कळत होतं. गठ्ठ्यात वरच्या फाईली येत होत्या, जात होत्या. तळाची किनार रोज तिला दिसत होती.

एका दुपारी जेवणानंतर ते हात धुऊन आले आणि रुमालानं बोटं पुसत तिच्या टेबलाशी उभे राहिले. "तुमी गेलता म्हणं मानवतला." तिनं मान हलवली. हे त्यांना कुणी सांगितलं ते तिनं विचारलं नाही. "बोलता येत न्हाई खरंच?" "एक शब्द येतो." "कंचा?" तिनं सांगितला. दिनकरराव तिथंच उभे होते, रुमालाची घडी करत, उलगडत. "मला वाटलं, आपसूक मिटंल," ते म्हणाले. "कुणी तरी कुठं तरी एंट्री मारंल आन् मिटंल. सरकारात कितीक गोष्टी तशाच मिटत्यात. मानूस मधी सापडला आसंल, हे काय ध्यानात आलं न्हाई." मग आपल्या खुर्चीवर जाऊन त्यांनी गठ्ठा उचलला, तळाची फाईल ओढली. सही करायला त्यांना फार वेळ लागला. फाईल तिच्याकडं परत आली तेव्हा तिच्या टिपणीखाली त्या गोल अक्षरात एक ओळ वाढलेली होती: सदर चलन मी स्वतः तयार केले असून लेखाशीर्षाची चूक माझ्या हातून झाली आहे. खाली नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"हे लिहायची गरज नव्हती," ती म्हणाली.

"आसू द्या. नाय लिवलं तर उद्या तुमाला इचारतेल," ते म्हणाले, आणि तंबाखूची पुडी घेऊन बाहेर गेले.

पुढं व्हायचं ते झालं. दुरुस्तीला महिने लागले, दोनदा कागद त्रुटीसाठी परत आले, निवेदितानं मात्र पाठपुरावा सोडला नाही. दिनकररावांना खुलासा मागणारं पत्र आलं, आणि नंतर ठपका ठेवल्याचं. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं, सत्यशीलाकडं दिलं, "फायलीला लावून टाका," म्हणाले, आणि त्या दिवशी डबा न उघडता घरी नेला. त्यांची ग्रॅच्युइटी थांबणार नाही, एवढं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगण्याला काय अर्थ असतो, ते त्या खोलीतल्या दोघांनाही ठाऊक होतं. दोघांच्यात बोलणं कमी झालं. ते रागाचं न बोलणं नव्हतं. कशाचं होतं, ते तिला सांगता येत नव्हतं.

मग एका सकाळी अनसूयाबाईंचा फोन आला. पैसे जमा झाले होते. त्या एका वाक्यात दोनदा रडल्या आणि दोनदा हसल्या. "तुमच्यामुळं झालं ओ," त्या म्हणाल्या. "थांबा, ह्यांना देते. ह्यांना बोलायचंय तुमच्याशी." सत्यशीलानं समोर पाहिलं. दिनकरराव मान खाली घालून बिलांच्या प्रती लावत होते, आणि त्यांचे हात थांबलेले होते. "माझ्यामुळं नाही, काकू," ती जरा मोठ्यानं म्हणाली. "दिनकरराव आहेत आमचे. त्यांनी सही केली. त्यांच्याकडं देते." दिनकररावांनी घाबरून दोन्ही हात हलवले, नको नको. ती उठली आणि फोन त्यांच्यापुढं धरून उभी राहिली. पलीकडून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता.

त्यांनी फोन घेतला. घेताना ते खुर्चीतून उठून उभे राहिले, वरिष्ठांपुढं राहावं तसे, मोकळ्या हातानं सदरा खाली ओढत. "नमस्कार साहेब. मी दिनकर," ते म्हणाले. "चलन मी लिवलं होतं साहेब." आणि मग ते ऐकू लागले.

सत्यशीला व्हरांड्यात आली आणि दार हलकेच ओढून घेतलं. बाकावर एक म्हातारा कागदांची सुरळी घेऊन बसला होता; तिला पाहून तो उठला आणि दाराकडं सरकला.

"जरा थांबा बाबा," ती म्हणाली. "साहेब फोनवर आहेत."